ससाण्याच्या पहाऱ्यात आक्काताईंचं पारणं

आक्काताई चौगुलेंकडे सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं.

महाराजांचा चातुर्मास तेव्हा सांगलीत होता. प्रवचन संपलं की बायका एकेक करून पुढे जायच्या आणि नियम घ्यायच्या. कुणी वांगं सोडलं, कुणी आइस्क्रीम सोडलं, एकीनं टीव्हीवरची मालिका सोडली, तीही फक्त दुपारची. आक्काताईंची पाळी आली तशी पंचाईत झाली. कांदा-लसूण, बटाटा-गाजर त्यांच्या माहेरच्या चुलीनंही कधी बघितलं नव्हतं. दिवस मावळल्यावरचं जेवण परकरात असतानाच सुटलेलं. चहा त्यांनी लग्न झाल्या-झाल्या सोडला. सासूबाईंच्या हातचा चहा आवडला नाही हे त्याचं खरं कारण, पण पुण्य ते पुण्य.

"मग आता काय सोडता?" महाराजांनी विचारलं.

"सोडायला काय शिल्लक न्हाई, महाराज. धरायलाच कायतरी द्या."

महाराज हसले, असं आक्काताई सांगतात. बरोबरच्या बायका सांगतात की हसले नाहीत. पण नियम मिळाला. दारी आलेल्या पाखरानं दाणा टिपावा, मगच आपण तोंडात पाणी घालावं.

हा नियम आक्काताईंना मनापासून पटला. साधू गावात असले की आपल्या जैनांत सोवळ्यानं दारात उभं राहायचं, साधूंचा आहार झाला की मग घरातल्यांनी जेवायचं, ही रीतच आहे. पण साधू पायी फिरणारे; आज पलूसला, तर पुढच्या पंधरवड्यात शिरवळच्या पुढे. पाखरू रोज येतं. म्हणजे दारात उभं राहायचं पुण्य रोजचं झालं.

दार म्हणजे गच्ची. मार्केट यार्डाच्या अंगाला चौगुल्यांची सात मजली 'सन्मती हाइट्स', त्यात सर्वांत वरचा फ्लॅट त्यांचा. तिथून गच्चीवर जायला एक जिना. सकाळी मंदिरातून आलं की आक्काताई ओंजळभर शाळू ज्वारी घेऊन वर जायच्या, लिफ्टच्या खोलीपुढे टाकायच्या आणि हात जोडून उभ्या राहायच्या. यार्डात धान्य सांडतं, त्यामुळे कबुतरांना तोटा नव्हता. सुरुवातीला चिमण्याही यायच्या, पण कबुतरांच्या धक्काबुक्कीत त्यांचं काही चालेना, तशा त्या खाली वॉचमनच्या बोगनवेलीत राहायला गेल्या. कबुतरं दोन मिनिटांत शाळू फस्त करायची, आक्काताई गाळलेलं पाणी प्यायच्या, आणि त्यांचा दिवस सुरू व्हायचा. नियम देणाऱ्या महाराजांनी पुढे समाधी घेतली. त्यामुळे नियमाला आणखीच वजन आलं.

अशी वर्षं गेली. मग एका जानेवारीत कबुतरं आली नाहीत.

आक्काताईंना वाटलं, थंडी असेल. उन्हं तापेपर्यंत थांबल्या. शेवटी एक लंगडं कबूतर कठड्याकडेनं चालत आलं, चार दाणे टिपले, आणि आक्काताई जेवल्या. दुसऱ्या दिवशी वर गेल्या तर शाळू टाकायच्या जागेवर पिसं पसरली होती आणि त्यांच्यात एक पाय. लंगडा होता की दुसरा, ते त्यांनी बघितलं नाही.

लिफ्टच्या खोलीच्या छज्ज्यावर एक पाखरू बसलं होतं. काळं टोपरं, पाठ पाटीसारखी निळसर, पोट तांबूस. ते आक्काताईंकडे बघत होतं. भाडेकरूनं घरमालकाकडे बघावं तसं नव्हे, उलटं.

मुलगा भरतेश पुण्यात असतो. त्याला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन आला. "आई, शाहीन ससाणा आहे गं! जोडी असणार. हे डोंगराच्या कड्यावर राहतात, आता उंच इमारतीवर पण यायला लागलेत. लय नशीब आपलं!"

"खातंय काय ते?"

"पाखरं."

"आणि दाणे?"

"न्हाई गं आई."

छज्ज्यावर गिलाव्याच्या वेळची वाळू-खडी तशीच पडून होती. घरटं म्हणून ससाण्याला काडीसुद्धा गोळा करायला लागली नाही. मादीनं खडीत छातीनं खळगा केला आणि थोड्याच दिवसांत त्यात विटकरी ठिपक्यांची अंडी दिसू लागली. बिल्डरनं साफसफाई केली नाही म्हणून आक्काताईंचे यजमान शांतिनाथ चौगुले सोसायटीच्या दर बैठकीत भांडायचे. त्या खडीचा हा पहिला उपयोग.

आता आक्काताईंची अडचण नीट समजून घ्यायला हवी. पाखरानं दाणा टिपल्याशिवाय त्यांना पाणी नाही. पाखरू दाणा टिपायला आलं तर ससाणा त्याला टिपणार. म्हणजे आपण दाणे टाकतो ते आमिषच झालं, आणि मारायचं पाप ससाण्याइतकंच आपल्याही पदरात. त्यामुळे त्या रोज सकाळी दाणे टाकायच्या, आणि कुणी येऊ नये म्हणून जप करायच्या. दोन्ही मनापासून.

तरी एखादी साळुंकी यायची, घाईघाईनं दोन दाणे उचलून पळायची. कधी कावळा यायचा. आक्काताईंचं जेवण मग दुपारकडे सरकलं, दुपारचं उन्हं कलल्यावर गेलं. पलीकडून सूर्यास्ताची भिंत. मधली फट रोज बारीक व्हायला लागली.

"आगं, मी यार्डात जाऊन कबुतरांना पोतंभर टाकतो की," शांतिनाथ म्हणाले. त्यांची हळद-बेदाण्याची अडत होती, आता कारभार पुतण्याकडे, पण सकाळी दुकानात बसायची सवय सुटली नव्हती.

"पाहुण्याच्या घरी डबा नेऊन जेवायला घालतात व्हय? दारात आला पायजे."

"मग दुसऱ्या महाराजांकडनं नियम बदलून घेऊ."

"त्यो काय साडीचा पीस हाय? रंग आवडला न्हाई, दुसरा द्या."

शांतिनाथांनी मग जाहीर केलं की तूही जेवत नाहीस तर मीही जेवणार नाही. ते त्यांनी पाळलंसुद्धा, निदान घरात. दुपारी दुकानातून आले की त्यांच्या मिशीला शेंगदाण्याची चटणी असायची. आक्काताई पदरानं ती पुसायच्या.

घरकामाला हरणाबाई यायच्या, जतकडच्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्या ससाण्याला शेवटपर्यंत घारच म्हणत राहिल्या.

"आक्का, ती घार काय जवारी खायाची न्हाई. ती आमच्यातली हाय."

"बदलता येतंय हरणाबाई. सिंहानं मांस सोडलंय. साधूंचा उपदेश ऐकला आन् सोडलं. पुराणात हाय."

"सिंहाला कोन इचारायला गेलं हुतं?"

णमोकार मंत्राचा छोटा डबा असतो, बटण दाबलं की दिवसभर म्हणत राहणारा, तो आक्काताईंनी देवघरातून उचलला आणि लिफ्टच्या खोलीच्या पायरीवर नेऊन ठेवला. शेजारी वाटीत वरणभात, तूप घालून. डबा तीन दिवस बोलत होता. ससाणा ऐकत होता यात शंका नाही, मान तिरकी करून ऐकायचा. चौथ्या दिवशी नरानं एक पारवा आणला, डब्याच्या शेजारी ठेवला आणि मंत्र चालू असताना सोलायला घेतला. आक्काताईंनी डबा खाली आणला, पुसला, आणि देवघरात ठेवताना देवाकडे बघितलं नाही. वरणभात मुंग्यांनी नेला. मुंगीला पाखरू म्हणता येईल का, याचा त्यांनी जिन्यात बसून बराच वेळ विचार केला. येत नाही असं ठरलं.

मग हरणाबाईंनी आपला उपाय काढला. शांतिनाथांचा जुना सदरा, धोतर आणि काळी टोपी घालून गच्चीवर बुजगावणं उभं केलं. रानात ह्याला पाखरं भितात, असं त्यांचं म्हणणं. ससाणा त्याच्या टोपीवर बसायला लागला. तिथून त्याला चारी बाजू चांगल्या दिसायच्या. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी फोटो काढले, आणि शांतिनाथ चौगुल्यांच्या डोक्यावर ससाणा बसून कबूतर खातो असं यार्डात आठवडाभर चाललं. शांतिनाथ तेवढे दिवस दुकानात गेले नाहीत. म्हणजे ते खरोखरच उपाशी राहिले.

सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णात घोरपडे, साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना ससाणा भयंकर आवडला. घारी वरनं फिरायला लागल्या की तो छज्ज्यावरनं सुटायचा, ढगात चढायचा आणि दगड टाकल्यासारखा घारीच्या पाठीवर यायचा. घार आकारानं मोठी, पण कोलमडून सरळ मटण मार्केटच्या दिशेनं जायची. कावळ्यांनी तर ती गल्लीच सोडली. चिमण्या टिपणारा शिक्रा एकदा आला, परत आला नाही.

"वैनी, हे आपलं एअर डिफेन्स आहे," कृष्णात म्हणायचे. "एक किलोमीटरमध्ये परिंदा पण पर मारत नाही, एक पाखरू फिरकत नाही."

"त्योच तर घोटाळा हाय, भावजी," आक्काताई म्हणायच्या.

कावळा गेला, तसा आक्काताईंच्या नियमाचा एक मोठा आधार गेला. साळुंक्याही दूर झाल्या. एक दिवस कुणीच आलं नाही. आक्काताईंनी उपास म्हणून तो मोजला. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घ्यायची नव्हती, आणि पाण्याशिवाय तशीही गिळता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळूची वाटी घेऊन जिना चढताना त्यांना सगळा जिना पिवळा दिसला आणि त्या खाली बसल्या. वाटी सातव्या मजल्यावरनं वाजत वाजत पाचव्यावर गेली. आवाजानं कृष्णात बाहेर आले.

डॉक्टर आले, सलाईन लावलं. शिरेतून जातं ते तोंडात जात नाही, म्हणून आक्काताईंनी लावू दिलं. डॉक्टर जाताना शांतिनाथांना बाजूला घेऊन म्हणाले, "असं आणखी चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मग तिथं मी कबुतरं कुठून आणू?"

त्या संध्याकाळी कृष्णात चौगुल्यांच्या दिवाणखान्यात ताठ उभे राहिले. "वैनी, फौजेत एक असतं. आधी आपला माणूस. उद्या सकाळी मी वर जातो, ती अंडी उचलतो. अंडी गेली की जोडी जागा सोडते. दोन दिवसात तुमची कबुतरं परत."

शांतिनाथ खिडकीकडे बघत होते, पण खिडकीत काही नव्हतं. मग म्हणाले, "पाप मला लागू दे. मी सांगितलं म्हणून कर, कृष्णात."

आक्काताई कॉटवर उठून बसल्या. "आणि ती उचलल्यावर मी जेवू?"

"मग काय करायचं?" शांतिनाथांचा आवाज एकदम चढला. "आं? तू मरून गेलीस म्हणजे ससाण्याला पुण्य लागणार हाय? माझ्या वयाला मी भाकरी कुणाच्या हातची खायची?"

"दुकानात खाताय की."

शांतिनाथांनी मिशीवरून हात फिरवला. आक्काताई हळू म्हणाल्या, "जीव जगवायला नियम घेतलाय. त्यो पाळायला जीव घ्यायचा, असं गणित मला न्हाई जमत. अंडी हाईत तिथंच ऱ्हाऊ देत." आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली त्यांनी पदराच्या गाठीला बांधली.

कृष्णात म्हणाले, "माघार नाही वैनी. रिग्रुप." आणि घरी गेले.

सकाळी आक्काताई उठल्या, आंघोळ केली, मंदिरात जायला कुणी सोडलं नाही म्हणून घरातच दर्शन घेतलं. ससाण्याची मादी आता कुणी गच्चीवर आलं की डोक्यावर झडप घालायची. कृष्णातांची टोपी तिनं मागेच नेली होती. म्हणून आक्काताईंनी भाकरीची मोठी पितळी परात डोक्यावर उपडी धरली, वाटीत शाळू घेतला आणि वर निघाल्या. मागे शांतिनाथ, त्यांच्या मागे हरणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन. दोघं दारातच थांबली. परात एकच होती.

आक्काताईंनी शाळू टाकला आणि छज्ज्याकडे बघितलं. अंड्यांच्या जागी कापसाची बोंडं हलत होती. तीन. रात्रीच फुटली असावीत.

"बया!" दारातून हरणाबाई म्हणाल्या. "बाळंतीण झाली की वो!"

मादी छज्ज्यावर नव्हती. आक्काताईंनी वर बघितलं, परात जरा मागे सरकवून. आभाळात एक मोठं पाखरू फिरत होतं. घारीपेक्षा बरंच मोठं, पोट पांढरट, पंख फळीसारखे रुंद. फोनवर भरतेशला नंतर सांगितलं तेव्हा तो म्हणाला मोरघार असणार, डोंगराकडून आलेली. ती कशाला आली होती हे सांगायला मात्र भरतेशची गरज नव्हती. ती छज्ज्याच्या नेमकी वर घिरट्या घालत होती आणि प्रत्येक घिरटीला थोडी खाली येत होती.

"आगं, आत ये!" शांतिनाथ ओरडले.

आक्काताई आत गेल्या नाहीत. आपण निघालो तर पिल्लांजवळ कुणीच उरणार नाही, असं त्यांना वाटलं. परात धरून त्या लिफ्टच्या खोलीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ज्यांच्यामुळे आपण उपाशी, त्यांच्याच पिल्लांपुढे. मोरघार खाली आली. इतकी खाली, की तिच्या पंखांचा वारा परातीवर आला.

मग वरून काहीतरी पडलं. आक्काताईंना ते पाखरू वाटलंच नाही, कुणी पाटा फेकला असं वाटलं. मादीनं मोरघारीच्या खांद्यावर असा तडाखा दिला की धुणं आपटल्याचा आवाज झाला. मोरघार आडवी झाली, सावरली, उलटी होऊन तिनं नखं वर केली. तेवढ्यात पलीकडून नर आला. तो लहानखोर, पण त्यानं पाठीमागून पिसं उपटली. कॅक् कॅक् कॅक् असा ओरडा सगळ्या यार्डावर घुमला. मादी पुन्हा वर चढली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळेला मोरघारीनं नाद सोडला आणि जड पंख मारत कृष्णेच्या बाजूला निघून गेली. तपकिरी पिसं तरंगत खाली आली, त्यातलं एक परातीवर टेकलं.

खाली कृष्णात त्यांच्या गॅलरीत उभे होते. त्यांनी सॅल्यूट केला. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही.

मादी छज्ज्यावर येऊन बसली. चोच उघडी, छाती भात्यासारखी हलत होती. आक्काताई तिच्यापासून हातभर अंतरावर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मादीनं काहीच केलं नाही. बहुधा दमली होती.

आभाळ आता स्वच्छ होतं. घार नाही, कावळा नाही, शिक्रा नाही, कबूतर तर नाहीच. आक्काताईंनी शाळूकडे बघितलं आणि मनात म्हणाल्या, आज चौथा.

तेवढ्यात कठड्यावर काहीतरी टपकलं. चिमणी. ती कठड्यावरून खाली उतरली, मान इकडेतिकडे फिरवली आणि थेट छज्ज्याच्या सावलीत, ससाण्याच्या मादीच्या बरोबर खाली, शाळूत घुसली. तिच्या मागून आणखी एक. मग बोगनवेल रिकामी करून आल्यासारख्या दहाबारा. त्यांना पांगवायला कबुतरं नव्हती, त्यांच्यावर झडप घालायला शिक्रा नव्हता, पिल्लं पळवायला कावळा नव्हता. वर मादीनं एकदा खाली बघितलं, त्यांचं माप घेतलं, आणि पुन्हा आभाळाकडे तोंड केलं. चिमण्या भांडत, एकमेकींच्या तोंडचा दाणा ओढत, सगळ्या गच्चीभर शाळू उधळत खात होत्या.

आक्काताईंचे हात जोडायचे राहून गेले. परात धरलेली होती.

"आवं," त्या दाराकडे न बघता म्हणाल्या, "खाल्लं का त्यांनी? मला नीट दिसंना."

"खाल्लं," शांतिनाथ म्हणाले. त्यांनी हरणाबाईंच्या हातातला तांब्या घेतला, परातीशिवायच, उघड्या डोक्यानं गच्चीवर आले आणि तो आक्काताईंच्या तोंडाला लावला. निम्मं पाणी पदरावर सांडलं.

"गाळलंय न्हवं?" आक्काताईंनी दोन घोट झाल्यावर विचारलं.

"दोन डाव," हरणाबाई दारातून म्हणाल्या. त्या अजून बाहेर आल्या नव्हत्या. "आक्का, आता तरी त्या घारीला मांस सोडायला सांगतायसा का?"

आक्काताईंनी वर बघितलं. नर कुठूनसा परत आला होता, पायात काहीतरी होतं. काय ते त्यांनी बघितलं नाही. तीन बोंडांनी एकदम चोची उघडल्या.

"माझं मी सोडलंय," त्या म्हणाल्या. "तिच्या घरात लेकरं हाईत. तिचं ती बघंल. जावा, भाकरी आणा खालनं. आणि ह्यांच्यासाठी पण, हे आठवडाभर उपाशीच हाईत."

हरणाबाई खाली जाऊन भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या, पण ताटं आणायची विसरल्या. परत जायला वळल्या, तशा आक्काताईंनी डोक्यावरची परात काढली, मोरघारीचं पीस फुंकरीनं उडवलं, पदरानं परात आतून-बाहेरून पुसली आणि पुढे केली.

"ह्यातच वाढा," त्या म्हणाल्या. "आता न्हाई मारत ती."